भूकंपवाला मिल्न

तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि आम्ही सहा जण ट्रेनिंगसाठी वणीच्या बाजूच्या एका भूमिगत कोळसा खाणीत दाखल झालो. पहिल्या दिवशी कॅप लॅम्प लावून इन्क्लाइनने खाली उतरलो. बरंच चालून फेसपाशी पोचलो, तेवढ्यात आमच्याबरोबरच्या सरदारकाकांनी हात आडवा करून आम्हाला थांबवलं. (इतर ब्रँचवाल्यांसाठी: सरदार म्हणजे खाणीच्या एका भागातल्या माणसांच्या सुरक्षिततेची जबाबदारी ज्याच्यावर असते तो.) काका एकटे पुढे गेले, हातातल्या काठीने छताला ठोकलं आणि मान वर करून ऐकलं. दोन पावलं सरकून परत ठोकलं. बहुतेक ठिकाणी आवाज टणटणीत आला. एका ठिकाणी मात्र फुटक्या माठासारखा भदभद आला. तिथला सुटलेला दगड पाडून घेतल्यावरच त्यांनी आम्हाला पुढे येऊ दिलं.

डबा खाताना काका सांगत होते की छत पडायच्या आधी बोलतं. आधी बारीक करकर, मग बोटं मोडल्यासारखे आवाज, मग मातीची भुरभुर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका डिपिलरिंगच्या जागेत त्यांनी रात्रपाळीची सगळी माणसं मधेच बाहेर काढली होती. डिपिलरिंग म्हणजे छत तोलून धरायला आधी सोडलेले कोळशाचे खांब शेवटी परत येता येता काढून घेणं. उत्पादन बुडालं म्हणून वरच्या साहेबांची बोलणी खावी लागली. सकाळ व्हायच्या आत ते छत खाली आलं. तुम्हाला कळलं कसं, असं मी विचारलं. काकांना ते काही सांगता आलं नाही. ऐकून ऐकून कळतं, एवढंच म्हणाले.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एक किडा शिरला. काकांचा कान पुढच्या वर्षी रिटायर होणार. आमचा कान तयार व्हायला वीस वर्षं लागणार. मधल्या काळात काय? जमीन जे बोलते ते यंत्राने ऐकायचं, लिहून ठेवायचं आणि आवाज नेमका कुठून आला ते काढायचं, हे कुणी सुरू केलं असेल? हॉस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत शोधाशोध केली, तेव्हा एक नाव सारखं समोर यायला लागलं. जॉन मिल्न. भूकंपाच्या धड्यात हे नाव एका ओळीपुरतं वाचलं होतं. पण हा माणूस आमच्याच ब्रँचचा, म्हणजे मायनिंग इंजिनिअर होता, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हणून हा लेख.

मिल्नचा जन्म ३० डिसेंबर १८५० रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. लहानपण रॉचडेल या गावी गेलं. पुढे लंडनला किंग्ज कॉलेजमध्ये आणि मग रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकला. त्या काळचा मायनिंगचा विद्यार्थी खडू-फळ्यापेक्षा खाणीतच जास्त शिकायचा. मिल्नही कॉर्नवॉल आणि लँकेशायरच्या खाणींत राबला, जर्मनीत फ्रायबर्गला खनिजशास्त्र शिकला. भटकायची हौस जबरदस्त. शिकत असतानाच आइसलंडला जाऊन आला. अटलांटिक महासागराच्या तळाशी तारेची केबल टाकणाऱ्या सायरस फील्डने त्याला न्यूफाउंडलंडला खनिजं शोधायला पाठवलं. मधेच एका मोहिमेबरोबर सिनाईच्या वाळवंटातही फिरून आला. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत एवढं सगळं. आपण त्या वयात कॅम्पसच्या तयारीत असतो.

१८७५ साली त्याला जपानहून बोलावणं आलं. जपानने नुकतीच आपली दारं जगाला उघडली होती. रेल्वे, तारायंत्रं, खाणी, कारखाने सगळं एकदम उभं करायचं होतं. त्यासाठी टोकियोत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं होतं. त्याचा प्रिन्सिपॉल हेन्री डायर हाही एक तरुण स्कॉटिश इंजिनिअर. मिल्नला तिथे मायनिंग आणि भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक नेमलं. बाकीचे लोक बोटीने जायचे. बोट लागायची म्हणून म्हणा की हौसेपायी म्हणा, पण याने जमिनीवरून जायचं ठरवलं! युरोप, रशिया, सायबेरिया, मंगोलिया, चीन असा ऐन हिवाळ्यात प्रवास करत, मिळेल त्या गाडीने, घसरगाडीने, उंटाने तो मार्च १८७६ मध्ये टोकियोला पोचला. निघाल्याला सात महिने होत आले होते. पोचल्याच्या पहिल्याच रात्री त्याला भूकंपाचा धक्का बसला, असं सांगतात.

जपानमध्ये भूकंप म्हणजे रोजचाच पाहुणा. पण मिल्न नोकरीला होता तो खाणकाम शिकवायला. पहिली काही वर्षं तो तेच करत राहिला, जोडीला ज्वालामुखी चढत राहिला. मग २२ फेब्रुवारी १८८० रोजी योकोहामाला मोठा धक्का बसला. फार माणसं गेली नाहीत, पण धुराडी पडली, भिंती फाटल्या, आणि तिथे राहणारे सगळे परदेशी प्राध्यापक खडबडून जागे झाले. मिल्नने पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी जपानची भूकंप सोसायटी स्थापन झाली. फक्त भूकंपाचा अभ्यास करणारी ही जगातली पहिली संस्था. अध्यक्ष हात्तोरी इचिझो हे जपानी गृहस्थ होते. पण लेख लिहिणं, लिहवून घेणं, पत्रं पाठवणं हा रोजचा भार बराचसा मिल्नने उचलला.

पहिला प्रश्न यंत्राचा होता. विचार करा, जमीन हलते तेव्हा टेबल हलतं, भिंत हलते, आपणही हलतो. मग किती हललं हे मोजायचं कशाच्या संदर्भात? काहीतरी एक वस्तू स्थिर राहायला हवी. टांगलेलं वजन आपल्या जडत्वामुळे थोडा वेळ जागेवर राहतं आणि खालची जमीन सरकते, हा लंबकाचा उपयोग. पण त्यासाठी लंबकाचा आवर्तकाल मोठा पाहिजे. दहा सेकंदांचा साधा लंबक करायचा तर दोरी जवळपास २५ मीटर लांब लागते. गणित करून बघा. एवढा उंच लंबक ठेवणार कुठे? यावर उपाय म्हणजे आडवा लंबक. आपल्या हॉस्टेलच्या फाटकासारखं समजा. बिजागऱ्यांचा खांब अगदी थोडासा कलता असेल, तर फाटक सोडल्यावर हळूहळू डुलत एका जागी येतं. खांब जितका सरळ करत न्याल तितकं ते डुलणं संथ होतं. हातभर लांबीच्या दांड्यात मोठ्या लंबकाचं काम!

या तत्त्वावर टोकियोत तिघांनी काम केलं. जेम्स अल्फ्रेड युइंग, थॉमस ग्रे आणि मिल्न. जमिनीच्या हालचालीची वेळेनुसार खरीखुरी रेघ उमटवणारी यंत्रं इथे तयार झाली. श्रेय कोणाचं किती यावरून पुढे युइंग आणि मिल्नची चांगली वादावादी झाली. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही! आज मात्र अभ्यासक तिघांचीही नावं एकत्र घेतात.

पण मला मिल्न आवडला तो यंत्रापेक्षा त्याच्या पोस्टकार्डांमुळे. यंत्रं महाग, हातात दोन-चारच. मग त्याने टोकियोच्या भोवतालच्या गावांमधल्या सरकारी कचेऱ्यांना पोस्टकार्डांचे गठ्ठे पाठवले. दर आठवड्याला एक कार्ड परत पाठवायचं आणि त्यावर धक्का बसला की नाही, कधी बसला एवढंच लिहायचं. ही कार्डं नकाशावर मांडल्यावर दिसलं की टोकियोकडचे पुष्कळसे धक्के डोंगर आणि ज्वालामुखीच्या बाजूने नाही, तर पूर्वेच्या समुद्राकडून येतात. भूकंप ज्वालामुखीमुळेच होतात ही त्या वेळची पक्की समजूत होती. पोस्टकार्डांनी तिला धक्का दिला. एका कार्डाला काही किंमत नाही. शंभर ठिकाणची कार्डं एकत्र आली की जागा सापडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

भूकंपाची वाट बघत बसणं मायनिंगवाल्याला कसं जमणार? मिल्न आणि ग्रे यांनी स्वतःच भूकंप करायला घेतले. लोखंडाचा जड गोळा उंचावरून टाकायचा, नाहीतर जमिनीत भोक पाडून त्यात डायनामाइट उडवायचं, आणि वेगवेगळ्या अंतरांवर यंत्रं मांडून धक्का कसा पोचतो ते बघायचं. लाट ज्या दिशेने जाते त्याच दिशेने पुढेमागे होणारा कंप आधी येतो आणि आडवा हलणारा कंप मागून येतो, जमीन बदलली की वेगही बदलतो, अशा गोष्टी त्यांना प्रत्यक्ष मोजता आल्या. सरदारकाका काठीने ठोकून ऐकतात ते आणि हे, दोन्हींचं तत्त्व एकच. ठोका द्यायचा आणि परत काय येतं ते ऐकायचं.

त्याने आणखी एक प्रयोग केला तो आपल्या कामाचा आहे. सुमारे १० फूट खोल खड्डा खणून त्याच्या तळाशी एक यंत्र ठेवलं आणि दुसरं वर जमिनीवर. भूकंप आल्यावर खड्ड्यातली हालचाल वरच्यापेक्षा बरीच कमी निघाली. पृष्ठभागावरची सुटी माती जास्त हलते, खालची घट्ट जमीन कमी. इमारतीचा पाया खोल का न्यायचा याचं एक कारण त्याला इथे मिळालं. आणि खाणीत बसवलेल्या यंत्राला वरच्या गोंगाटाचा त्रास कमी का होतो, तेही यातून कळतं. याच नादात त्याने आगगाडीचे हेलकावे मोजायचं यंत्र केलं. इंजिनाच्या फिरत्या भागांचा तोल कुठे चुकतो ते त्यात दिसायचं आणि तोल सुधारल्यावर कोळसा कमी लागायचा.

कोळसा खाणीशी त्याचा आणखी एक धागा आहे. तेव्हा खाणीत ज्वलनशील वायूचे स्फोट वरचेवर व्हायचे आणि एकेका स्फोटात शेकडो माणसं जायची. जमिनीचे अगदी बारीक कंप, जे माणसाला कळतही नाहीत, ते वाढले की कोळशाच्या थरातून वायू जास्त सुटतो का, हा प्रश्न त्या काळी विचारला जात होता. मिल्ननेही तो अभ्यासाला घेतला. तेव्हाच्या यंत्रांना या प्रश्नाचं पक्कं उत्तर देणं झेपण्यासारखं नव्हतं. पण खाणीचा धोका आणि जमिनीचा कंप या दोन वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात, ही बुद्धी मायनिंगच्या माणसालाच सुचली याचं मला नवल वाटत नाही.

१८८१ साली त्याने लग्न केलं. हाकोदाते गावच्या एका बौद्ध मठाधिपतीची मुलगी, तोने होरिकावा. त्या काळात इंग्रज माणसाने जपानी मुलीशी रीतसर लग्न करणं सोपं नव्हतं. दोघांनी ते शेवटपर्यंत निभावलं.

२८ ऑक्टोबर १८९१ रोजी मध्य जपानात नोबीचा प्रचंड भूकंप झाला. सात हजारांहून जास्त माणसं गेली. जमीन मैलोगणती फाटली, नवे पूल पडले, परदेशी पद्धतीने बांधलेल्या विटांच्या इमारती कोसळल्या. ज्या नव्या इंजिनिअरिंगचा सगळ्यांना अभिमान होता तीच इथे नापास झाली. मिल्नने तिथे जाऊन पाहणी केली आणि या नुकसानीवर छायाचित्रांसह पुस्तक काढलं. पुढच्या वर्षी जपान सरकारने भूकंपाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र समिती नेमली. आपल्या जमिनीला सोसेल असं बांधकाम हवं, दुसऱ्या देशाची नक्कल चालणार नाही, हा धडा जपानने तिथून गिरवायला घेतला.

मग १८९५ च्या फेब्रुवारीत मिल्नच्या घराला आग लागली. घर, वेधशाळा, यंत्रं, जमवलेली पुस्तकं, नोंदी, जवळजवळ सगळं जळून गेलं. एकोणीस वर्षांचं काम! आपली एक हार्ड डिस्क उडाली तर आपण दोन दिवस जेवत नाही. मिल्नने त्याच वर्षी जपान सोडलं. जाताना जपानच्या सम्राटाने त्याला मानाचा किताब दिला. बरोबर तोने होती आणि शिनोबू हिरोता हा जपानी मदतनीस होता. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथे शाइड या खेड्यात एक घर घेऊन चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

इंग्लंडमध्ये भूकंप कुठे होतात, असं तुम्ही म्हणाल. तिथेच गंमत आहे. कुठलाही मोठा भूकंप योग्य यंत्र असेल तर पृथ्वीवर कुठेही नोंदवता येईल, असं मिल्नने १८८३ मध्येच म्हणून ठेवलं होतं. १८८९ मध्ये जर्मनीत रेबॉयर-पाश्विट्झ या शास्त्रज्ञाच्या यंत्रावर जपानच्या भूकंपाची रेघ उमटली आणि ते खरं ठरलं. आता मिल्नला हवी होती जगभर एकाच जातीची यंत्रं. त्याने छोटा, स्वस्त, फोटोच्या कागदावर नोंद करणारा भूकंपमापक तयार केला आणि ब्रिटिश असोसिएशनच्या मदतीने देशोदेशीच्या वेधशाळांना पत्रं धाडली. पोस्टकार्डाचीच युक्ती, फक्त गावाच्या जागी आता जग. होता होता सुमारे चाळीस ठिकाणी मिल्नची यंत्रं लागली. कॅप्टन स्कॉटच्या १९०१ च्या मोहिमेबरोबर एक यंत्र थेट अंटार्क्टिकाला गेलं.

आणि एक आलं आपल्या मुंबईला. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी कुलाब्याच्या वेधशाळेत मिल्नचं यंत्र बसलं. कलकत्त्याला अलिपूर आणि दक्षिणेत कोडाईकनाल इथेही बसलं. तेव्हा कुलाब्याचे प्रमुख होते नानाभाई मूस, तिथले पहिले भारतीय संचालक. विजेच्या ट्रॅममुळे चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून ज्यांनी ती वेधशाळा अलिबागला हलवली, तेच हे मूस. कुलाब्याच्या कागदाची रेघ शाइडला जायची, शाइडहून सगळ्यांच्या नोंदी छापून परत सगळ्यांना मिळायच्या. याला शाइड सर्क्युलर म्हणायचे. आज ज्याला आपण डेटा शेअरिंग म्हणतो ते हा माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टपालाने करत होता.

अशा नोंदींचं मोल लगेच दिसलं. १२ जून १८९७ रोजी आसामला महाभयंकर भूकंप झाला. त्याची रेघ युरोपातल्या यंत्रांवर उमटली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या ओल्डहॅमने या आणि इतर भूकंपांच्या नोंदी तपासून १९०० साली दाखवलं की कंप तीन टप्प्यांत येतात: आधी प्राथमिक, मग दुय्यम, मग पृष्ठभागावरच्या लाटा. पहिल्या कंपानंतर पुढचा किती उशिरा आला यावरून भूकंप किती दूर झाला ते काढायचं. मिल्ननेही वेळ आणि अंतराचे आलेख तयार केले. निरनिराळ्या ठिकाणची अंतरं नकाशावर वर्तुळांनी काढली की ती जिथे छेदतात ती भूकंपाची जागा.

मिल्नच्या कामात उणिवाही होत्या. त्याच्या लंबकाला आवर घालणारं डॅम्पिंग नव्हतं. एकदा हलला की स्वतःच्याच तालावर डुलत राहायचा. जमीन किती हलली आणि लंबक किती डुलला हे वेगळं करणं कठीण जायचं. जर्मनीत वीखर्टने आणि रशियात गॅलिट्झिनने यापेक्षा सरस यंत्रं केली. मिल्न मात्र शेवटपर्यंत आपल्या साध्या यंत्राला धरून राहिला. त्याची बाजू एवढीच की चार ठिकाणच्या उत्तम यंत्रांपेक्षा चाळीस ठिकाणची सारखी यंत्रं जास्त काही सांगतात. त्या टप्प्याला ते खरं होतं.

१८८७ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व आणि १९०८ मध्ये तिचं रॉयल पदक त्याला मिळालं. लोकांमध्ये तो भूकंपवाला मिल्न म्हणूनच ओळखला जायचा. ३१ जुलै १९१३ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने तो शाइडला वारला. काही वर्षांनी तोने जपानला परत गेली. नोंदी गोळा करण्याचं काम पुढे ऑक्सफर्डहून चालू राहिलं आणि आज इंग्लंडमधलं आंतरराष्ट्रीय भूकंप केंद्र तोच वारसा चालवतं.

आता परत खाणीत उतरू. मिल्नची युक्ती खाणीत यायला वेळ लागला नाही. १९०८ मध्ये जर्मनीच्या कोळसा पट्ट्यात, बोखुमला, लुडगर मिंट्रोप या खाण सर्वेक्षकाने भूकंप केंद्र उभं केलं. आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत खडक अचानक फुटायचे आणि माणसं मरायची. तिथे १९१२ मध्ये भूकंपमापक बसवला. पुढे जिओफोन आले, मग कॉम्प्युटर आले. आता भूमिगत खाणीत ठिकठिकाणी भोकं पाडून जिओफोन बसवतात. मध्य प्रदेशातल्या राजेंद्र खाणीत लाँगवॉलच्या छताचे सूक्ष्म कंप असेच नोंदवले गेले, ते काम नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ रॉक मेकॅनिक्सने केलं.

तत्त्व तेच, फक्त माप बदललं. मिल्नच्या वेळी अंतर हजारो किलोमीटर आणि वेळ मिनिटांत. खाणीत खडकातून पहिली लाट सेकंदाला साधारण ३००० मीटर जाते असं धरलं, तर ३०० मीटरवरच्या जिओफोनला ती दशांश सेकंदात गाठते. एका जिओफोनला ती आधी लागते, दुसऱ्याला काही हजारांश सेकंद उशिरा. या फरकावरून छतात नेमकी कुठे भेग पडली ते निघतं. एकेका भेगेचा अर्थ लागत नाही, एका पोस्टकार्डासारखंच. पण दिवसभरात शेकडो ठिपके एकाच खांबाभोवती किंवा फेसच्या वरच्या थरात जमायला लागले, त्यांची ताकद वाढायला लागली, तर ते छताचं बोलणं असतं. काकांच्या कानाला ऐकू येतं त्याच्या किती तरी आधीचं आणि किती तरी बारीक.

यातून छत अमुक वाजता पडेल असं कळत नाही, हेही सांगायला हवं. कधी ठिपके वाढतात आणि काही होत नाही. कधी फार इशारा न देताच खांब फुटतो. यंत्र धोका कुठे साचतोय ते दाखवतं. माणसं बाहेर काढायची की नाही, ते शेवटी माणूसच ठरवतो.

अमेरिकेत युटामधल्या क्रँडल कॅन्यन खाणीचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. मार्च २००७ मध्ये त्या खाणीत कोळशाचे खांब फुटून मोठा दणका बसला होता. तो भाग सोडून काम दक्षिणेकडच्या तशाच भागात हलवलं. ६ ऑगस्ट २००७ च्या पहाटे तिथले खांब एकापाठोपाठ एक फुटले, सहा कामगार आत राहिले. भूकंपमापकांवर ३.९ तीव्रतेची नोंद झाली. खाणीच्या मालकाचं म्हणणं होतं की नैसर्गिक भूकंप झाला म्हणून खाण पडली. युटा विद्यापीठाच्या भूकंप केंद्राच्या नोंदी वेगळं सांगत होत्या. नैसर्गिक भूकंपात जमीन एका बाजूला ढकलली जाते आणि दुसऱ्या बाजूला ओढली जाते. इथे सगळ्या ठिकाणची पहिली हालचाल खाली, आतल्या बाजूला होती. म्हणजे पोकळी कोसळली होती. भूकंपामुळे खाण पडली नव्हती, खाण पडण्याचाच तो कंप होता. दहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, सुटकेचं काम चालू असताना परत खांब फुटले आणि वाचवायला गेलेले तिघे गेले. त्या सहा जणांचे मृतदेह आजही आतच आहेत.

मार्चमध्ये जमीन बोलली होती. ऐकूही आली होती. प्रश्न यंत्राचा नव्हता.

मिल्नचं चरित्र वाचल्यावर मला काकांची ती रात्रपाळी नव्याने कळली. काकांकडे जिओफोन नव्हता, आलेख नव्हता, दाखवायला एकही ठिपका नव्हता. होता फक्त कान, आणि बोलणी खायची तयारी. उद्या आपल्यापैकी कुणी तरी अंडर मॅनेजर होईल. त्याच्या टेबलावर काँप्युटर असेल, पडद्यावर एका खांबाभोवती लाल ठिपके जमत असतील आणि त्याच वेळी वरून आजच्या टनेजचा फोन येत असेल. ऐकायचं कसं ते मिल्नने शिकवून ठेवलंय. ऐकल्यावर माणसं बाहेर काढायची हिंमत मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी काकांनी ती काठी माझ्या हातात दिली आणि छताला ठोकायला लावलं. मी ठोकलं. मला तर सगळे आवाज सारखेच वाटले. काका हसले आणि म्हणाले, परत ठोक.